यंत्रबाईचं शेवटचं वाक्य

आमची वहिनी मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हिने गोड गोड बोलून आतून चिमटे काढले. माझे चिमटे उघड असतात.

ती माझ्या दादाची बायको. दादा गेला, तरी आम्ही दोघी एकाच घरात राहतो, कारण घर दोघींच्या नावावर आहे आणि दोघींनाही दुसरीकडे जायला जागा नाही. ती पुढच्या खोलीत, मी मागच्या, स्वयंपाकघर मध्ये. भांडण झालं की ते तिथेच होतं. भांडण म्हणजे तरी काय, मी बोलते आणि ती तोंडात मिठाची गुळणी धरून ओटा पुसत राहते. आपण बोलून बोलून घसा बसवून घ्यावा आणि शेवटी बाईसाहेबांनी विचारावं, "वन्सं, चहा टाकू का?" माझ्या जागी दुसरी असती तर तिने भिंतीवर डोकं आपटलं असतं. मी चहा पिते, काय करणार.

दादा लेखक होता. असातसा नाही. भविष्यातल्या जगाच्या कादंबऱ्या लिहायचा, तारे, यानं, माणसासारखी यंत्रं. रस्त्यात लोक थांबवून त्याच्याशी बोलत आणि मी शेजारी पिशवी धरून उभी असे, तेव्हा माझीही मान ताठ होत असे. मी कोर्टात टायपिस्ट होते. दिवसभर वकिलांचं आणि साक्षीदारांचं बडवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन दादाचं. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, माझ्याशिवाय कुणाला लागायचं नाही. त्याच्या खोलीत त्याचं टेबल खिडकीशी आणि माझं दाराशी. वहिनी त्या खोलीत यायची ती चहाचा ट्रे घेऊन, आणि जायची ती रिकामे कप घेऊन. साहित्याशी तिचा संबंध एवढाच.

ती हॉस्पिटलात कामाला होती, कपड्यांच्या विभागात. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले धुवायला पाठवायचे, परत आले की घड्या घालायच्या आणि गाडीवर लादून वॉर्डांत पोचवायचे. तिथून घरी आली की आमचे कपडे. पलंगाची मोठी चादर एकटीने घडी करायची तिची एक तऱ्हा होती. मधली कड हनुवटीखाली दाबायची, दोन्ही हात लांब करायचे, आणि एक झटका. चादर जमिनीला लागायची नाही. दादा टेबलाशी बसून हे एकटक बघायचा. मला वाटायचं, बायकोवर जीव आहे हो याचा. नंतर हस्तलिखित माझ्या टेबलावर आलं तेव्हा कळलं की तो टिपून घेत होता.

ज्या कादंबरीने दादाचं नाव झालं, तीच ही. एका उजाड ग्रहावर एक खगोलशास्त्रज्ञ दुर्बीण लावून बसलेला आहे, एकटा. कंपनीने त्याच्या सोबतीला एक यंत्रबाई दिली आहे. ती रांधते, झाडते, दुर्बिणीची काच पुसते, हनुवटीखाली कड दाबून चादरीच्या घड्या घालते. 'ती दमत नसे,' हे कादंबरीचं पहिलंच वाक्य. शेवटी शास्त्रज्ञाला न्यायला यान येतं, त्यात जागा एकाचीच असते, आणि जाण्याआधी त्याला तिच्या मानेमागचं बटण बंद करावं लागतं. बंद होता होता ती म्हणते, 'मालक, मी तुमची आभारी आहे.' संपली कादंबरी. हे वाक्य टाईप करताना माझ्या डोळ्यांना अशी धार लागली की कागद भिजला, आणि ते पान मला पुन्हा करावं लागलं. वाचकांची पत्रं यायची, सगळ्यांना त्याच वाक्याने रडवलेलं असायचं.

आणि वहिनी? तिने कादंबरी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचली. मिटली, कोरड्या हाताने फडताळावर ठेवली, म्हणाली, "छान आहे." मग मला विचारलं, रात्री भात करू का. आता बोला!

नात्यातल्या लोकांनी ओळखायला वेळ लावला नाही. एका समारंभात आमच्या मावसभावाने मागून येऊन वहिनीच्या मानेवर बोट टेकवलं आणि म्हणाला, "बंद केलं हं बटण, आता बसा शांत." सगळे हसून हसून लोटपोट. दादासुद्धा हसला. वहिनीने मान आखडून घेतली आणि उष्टी ताटं गोळा करायला निघून गेली. विनोद समजायलाही अंगात काहीतरी असावं लागतं.

पुढे दादा गेला, हृदय बंद पडून, टेबलाशीच. पुस्तकांचे हक्क त्याने आम्हा दोघींच्या नावाने ठेवले होते. दोघींच्या सह्या असल्याशिवाय कुणालाही काहीही करता येत नाही. दादाने दुसऱ्या कुठल्या बाबतीत घोळ घातला नसेल, पण इथे मात्र घालून ठेवला.

मग ती डायरेक्टर बाई आली. बाई कसली, पोरगीच. आखूड केस, पायात अंगठ्यापाशी फाटलेले बूट, खांद्यावर माणूस मावेल एवढी बॅग. तिला दादाच्या कादंबरीवर छोटी फिल्म करायची होती, ॲनिमेशनची, हाताने काढलेल्या चित्रांची. दादाला ती 'सर' म्हणायची, मला 'आत्या' आणि वहिनीला 'काकू', कुणी न सांगता. ती दारात उभी राहिली तेव्हा वहिनी पुढच्या खोलीत चादरीची घडी घालत होती. हनुवटी, हात, झटका. पोरगी तोंडाचा आ करून बघत राहिली.

"काकू, अगं बाई, तुम्ही तर… पुन्हा एकदा करता?"

वहिनीने घडी मोडली आणि चादर तिच्या हातात दिली. "तुम्हीच करून बघा." आणि आत निघून गेली. असा हिचा पाहुणचार.

मी पोरीला बसवलं, दादाचं टेबल दाखवलं, त्याचं पेन दाखवलं. तिचं बोलणं मला बरं वाटलं, पुस्तकातली वाक्यंच्या वाक्यं तिला पाठ होती. सगळं ठरत आलं आणि वहिनी हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"मला एकच म्हणायचंय," ती म्हणाली. "शेवटी तिने आभार मानू नयेत."

पोरगी गोंधळली. "मग काय म्हणावं तिने, काकू?"

"आभार सोडून काहीही म्हणू दे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "वहिनी, हे दादासमोर बोलली असतीस का तू?"

"नसते बोलले."

"मग आता बरी वाचा फुटली!"

"आता ते नाहीत ना," ती म्हणाली. इतक्या साध्या आवाजात, की दुधाची पिशवी संपली म्हणून सांगावं. "आयुष्यभर लोक मला भेटले की हेच वाक्य म्हणून दाखवतात, वन्सं. तुम्हाला नाही म्हणून दाखवत. मला."

मी तेव्हाच्या तेव्हा ठरवलं की याला पाचर मारायची. कोर्टात जन्म काढला आहे मी, वकील ओळखीचे. करारात कलम घालून घेतलं, कादंबरीचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं राहील, आणि त्याच्यापुढे एकही शब्द वाढवला जाणार नाही. पोरीने सही केली, मी केली. वहिनीसमोर कागद सरकवला. वाटलं होतं अडून बसेल. तिने कलम नीट वाचलं, माझ्याकडे बघितलं, सही केली.

खरा धक्का त्यानंतर बसला. पोरगी म्हणाली, "काकू, यंत्रबाईचा आवाज तुम्ही द्याल? मला असाच आवाज हवा आहे, दुसऱ्या कुणाचा नको." मी हसणारच होते. तर वहिनी म्हणाली, "देते." म्हटलं, घ्या, म्हातारपणी हौस आली बाईला.

या लोकांची कामाची पद्धत सगळी उलटी असते. मला वाटायचं, आधी चित्रं होत असतील आणि मग त्यांत कुणीतरी आवाज भरत असेल. तसं नाही. आधी आवाज. तो रेकॉर्ड करायचा, मग त्याचे बारीक तुकडे पाडायचे, ओठ कुठे मिटले, कुठे उघडले, श्वास कुठे घेतला, आणि हे सगळं तक्त्यावर मांडून चित्रकाराला पाठवायचं. तक्त्यात जे असेल ते तो काढतो. खोकला असेल तर खोकला काढतो. पोरीने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं की मागच्या फिल्मच्या वेळी एका नटाला मध्येच शिंक आली, ती कापायला आवाजवाला विसरला, आणि चित्रकाराने राजा शिंकतोय असं काढून पाठवलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, ठेवलं तसंच. फार सुंदर शिंकलाय हो राजा."

मी कपाळाला हात लावला. कोर्टात मी साक्षीदाराची शिंक टाईप केली असती तर न्यायाधीशांनी मला शिंकण्यापुरतंही तिथे ठेवलं नसतं. हा चित्रकार राहायचा दुसऱ्या गावात, आम्ही त्याला कधी पाहिलाही नाही. मी विचारलं, कादंबरी तरी वाचली आहे का त्याने? तर म्हणे, त्याला तक्ता पुरतो.

रेकॉर्डिंगला मी सोबत गेले. जाणारच. पुस्तक मांडीवर घेऊन ओळीवर बोट ठेवून बसले, एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देणार नव्हते. ती जागा म्हणजे एका दाताच्या दवाखान्याच्या वरची खोली, भिंतींना काळा स्पंज, खिडकी नाही, आत गेलं की आपला आवाज आपल्याच कानात पडतो. वहिनी माईकसमोर उभी, कानाला हेडफोन. 'मालक, जेवण तयार आहे.' 'मालक, काच पुसली.' 'मालक, आज वारा आहे, बाहेर जाऊ नका.' एका सुरात, न अडखळता. पोरगी माझ्या कानात म्हणाली, "कसलं जमलंय, आत्या!" जमायला काय झालं? घरात तरी दुसरं काय बोलत होती ती.

शेवटच्या वाक्याशी मात्र घोडं पेंड खाऊ लागलं. वहिनीने म्हटलं, "मालक, मी तुमची आभारी आहे." पोरगी म्हणाली, पुन्हा. पुन्हा म्हटलं. "काकू, जरा माया येऊ दे आवाजात."

"माझ्याकडे एवढीच आहे."

"वहिनी, नखरे पुरेत," मी म्हटलं. "दादाचं वाक्य आहे ते."

तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. प्रत्येक वेळी तेच, भिंतीला सांगितल्यासारखं. शेवटी पोरगी कंटाळली, म्हणाली चला, चहा पिऊन येऊ. आवाजवाला उठला, मी उठले. वहिनीला चल म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही घ्या. मी एकदा एकटीच म्हणून बघते." आम्ही खाली गेलो. परत आलो तेव्हा तिने हेडफोन काढून त्याची वायर नीट गुंडाळून ठेवली होती. "झालं," ती आवाजवाल्याला म्हणाली. "शेवटचं घ्या. आता मी पुन्हा म्हणणार नाही." आवाजवाल्याला दुसरीकडे जायची घाई होती. त्याने सुरुवात ऐकली, वाक्य चांगलं आलं होतं, मान डोलावली, आणि तुकडा जसा होता तसा पुढे धाडला.

फिल्म तयार झाली तेव्हा पोरीने आम्हा दोघींना तिच्या खोलीवर बोलावलं. टायरच्या दुकानामागची जागा, खिडकीला ब्लँकेट खिळे मारून लावलेलं, पलंगाखाली चित्रांचे गठ्ठे. दिवा मालवला आणि पडद्यावर तो उजाड ग्रह उगवला. काय सांगू तुम्हाला! मी ते सगळं माझ्या बोटांनी टाईप केलेलं, आणि आता ते हलत होतं. दुर्बिणीवर धूळ बसत होती, ती पुसत होती. चादरीची घडी आली, हनुवटी, हात, झटका. दादा हवा होता हे बघायला, असं वाटून मला हुंदकाच आला. वहिनी शेजारी हाताची घडी घालून बसली होती, लाकडाच्या ठोकळ्यागत.

शेवट आला. शास्त्रज्ञ तिच्या मागे उभा राहतो, तिची मान खाली, तो हात उचलतो. "मालक, मी तुमची आभारी आहे." माझे ओठही तेच म्हणत होते. आता बटण, आता अंधार.

अंधार झालाच नाही. यंत्रबाईने मान वर केली. सावकाश वळून त्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं, आणि आमच्या वहिनीच्या आवाजात म्हणाली, "अहो, मी दमत होते. रोज दमत होते. एवढं सगळं बघत होतात, आणि हे कसं नाही दिसलं?" मग पुन्हा मान खाली घातली. मग बटण.

मी खुर्चीतून उठले कधी ते मलाच कळलं नाही. "हे काय आहे? हे काय आहे म्हणते मी!"

पोरगी दिवा लावून खाली बघत होती. तुकड्यात होतं, ती म्हणाली, आवाजवाल्याने पुढचं ऐकलंच नव्हतं, तक्त्यात गेलं आणि चित्रकाराने काढलं. त्याला काय माहीत वाक्य कुठे संपतं ते. "पण आत्या, त्याने काय काढलंय बघा ना! मी कालपासून पुन्हा पुन्हा तेच बघतेय."

"चूक आहे ना? मग कापून टाक."

"चूक आहे खरी…"

"चूक कसली?" मी वहिनीकडे वळले. "मशीन चालू आहे हे दिसत होतं ना तुला?"

"लाल दिवा दिसत होता," वहिनी म्हणाली.

ऐकलंत? कबूल करून मोकळी! "म्हणजे मुद्दाम केलंस. मेलेल्या नवऱ्याच्या पुस्तकात आपलं रडगाणं घुसडलंस. अगं, ज्याच्या जिवावर लोक तुला ओळखतात त्याला चारचौघांत उघडं पाडतेस? दमत होतीस तर बोलायचं होतंस! कुणी तुझं तोंड बांधलं होतं?"

"बोलून काय झालं असतं?"

"काय झालं असतं म्हणजे? आम्ही काय राक्षस होतो?"

मी पोरीला म्हटलं, करार आठवतो का? शेवटच्या वाक्यापुढे एकही शब्द नाही. हे असं दाखवलंस तर मी ही फिल्म जन्मात बाहेर येऊ देणार नाही. पोरीचा चेहरा उतरला. तिला माहीत होतं की मी बोलते ते करते.

आणि तेव्हा वहिनीने माझा हात धरला. तिने मला कधी हात लावल्याचं आठवत नाही. हॉस्पिटलच्या साबणाने सोललेला तिचा हात, खरखरीत. "वन्सं, राहू द्या ना," ती म्हणाली. "अख्ख्या गोष्टीत माझं म्हणावं असं एवढंच आहे. बाकी सगळं त्यांचंच आहे की. ते कुठे काढा म्हणतेय मी?" तिचा आवाज कापत होता. त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत इतक्या वेळा सांगून जो कापला नव्हता, तो आता कापत होता. "एवढं एक ऐकू जाऊ द्या लोकांना."

मी हात सोडवून घेतला. "दादाच्या पुस्तकात ते नाही," मी म्हटलं. "नाही म्हणजे नाही."

वहिनी एकदाच "बरं" म्हणाली आणि चपला घालायला लागली.

पोरगी मात्र तांबडीलाल झाली. "काढते," ती म्हणाली. "शब्द काढते. एकही ठेवत नाही. पण चित्राबद्दल तुमच्या करारात काही नाही, आत्या. चित्र माझं आहे, आणि ते पुन्हा काढायला कुणाकडे वेळही नाही." मला वाटलं, राहीना का चित्र, शब्द गेले की झालं. काय म्हणतेय ती, हे मला तेव्हा नीट समजलं नाही.

समजलं ते सभागृहात. वाचनालयाचा मोठा हॉल, दादाचे वाचक, हॉस्पिटलातल्या वहिनीच्या सोबतिणी, कुठून कुठून आलेली माणसं. लेखकाची बहीण म्हणून मला पोरीबरोबर मंचावर खुर्ची होती. वहिनीलाही होती, पण ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. फिल्म सुरू झाली आणि सगळीकडे कसं चिडीचूप झालं. मी अंधारात खुर्चीचे हात घट्ट धरून शेवटाची वाट बघत होते.

"मालक, मी तुमची आभारी आहे." कुणीतरी नाक ओढलं. मग यंत्रबाईने मान वर केली, वळली, त्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिचे ओठ हलू लागले.

आवाज नाही. नुसते ओठ. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज गेला हो!" बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. अख्खा हॉल पुढे वाकला, जणू जवळ गेल्याने ऐकू येणार होतं. ओठ मिटत होते, उघडत होते, त्या मेल्या चित्रकाराने एक एक अक्षर असं काढलं होतं की आंधळ्यालाही कळावं. मला सगळं ऐकू येत होतं, अगदी श्वाससुद्धा. मी डोळे मिटून घेतले तरी येत होतं.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, प्रश्न विचारायला माईक फिरू लागला. पहिलाच प्रश्न, "शेवटी ती काय म्हणते?"

पोरगी फाजीलपणे हसली. "तुम्हाला काय वाटतं?"

झालं, एकेक बाई उठायला लागली. एक म्हणाली, ती म्हणत असेल, आता तुमचं तुम्ही बघा. दुसरी म्हणाली, बटण माझं मी दाबते, तुम्ही नका हात लावू. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, पुन्हा एकदा आभार मानत असेल, तर हॉल त्यांच्यावर हसला. माझ्या दादाच्या वाक्यावर हसला तो हॉल! मग हॉस्पिटलवाल्यांतली एक जाडजूड बाई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "पाठ दुखते म्हणत असेल हो. दुसरं काय." त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

कुणीतरी सुचवलं, सरांच्या पत्नी इथे आहेत, आवाज त्यांचाच आहे, त्यांनाच विचारा ना. माईक वहिनीकडे गेला. तिने तो घेतला नाही. मंचाकडे बोट केलं. "वन्संना विचारा," ती म्हणाली. "त्यांना शब्द न् शब्द पाठ आहे."

माईक माझ्या हातात आला. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. पोरगी बघत होती. वहिनी बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता हो, त्याचीच तर चीड आली मला. ती नुसती थांबली होती. मी सांगावं म्हणून.

"मला काही ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

लाउडस्पीकरवरून ते मागच्या भिंतीपर्यंत गेलं.

"खरं सांगतायत त्या," वहिनी म्हणाली. तिला माईकची गरज लागली नाही, इतकी शांतता होती. "कधीच नाही आलं."

माईक चालू होता, लोक वाट बघत होते, आणि मी माईकचं बटण शोधत होते.